टरबूज, शरबत आणि शराब : ‘खाल्लं, प्यायलो नाही’ या सबबीचा इतिहास

गेल्या उन्हाळ्यात माझा भाचा पुण्याहून चार दिवसांसाठी घरी आला होता. तो तिथे एका कंपनीत नोकरीला आहे. रात्री जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन बसला आणि हळूच म्हणाला, “खाला, एक बात पूछूं? अम्मी को मत बोलना.”

झालं होतं असं : ऑफिसातल्या मंडळींनी गच्चीवर उन्हाळी पार्टी ठेवली होती. टेबलावर फळांची ताटं मांडलेली. टरबुजाच्या गार फोडी, काड्यांना टोचलेली द्राक्षं, अननसाचे तुकडे. एरवी तो अशा पार्टीत कोल्ड्रिंकचा ग्लास घेऊन कोपऱ्यात उभा राहतो. फळं दिसल्यावर त्याला बरं वाटलं. सात-आठ फोडी खाल्ल्यानंतर कुणीतरी हसत सांगितलं की टरबुजाला भोक पाडून त्यात रात्रभर व्होडका मुरवली होती. द्राक्षंही वाइनमध्ये भिजवलेली होती. हल्ली हा प्रकार फार चालतो म्हणे : करायला सोपा, दिसायला सुंदर, आणि ग्लास हातात नसल्यामुळे कुणी काही मोजत नाही.

“खाला, मैंने पिया नई. खाया. गुनाह हुआ क्या?”

मी त्याला तेव्हा एवढंच सांगितलं की नकळत झालेल्या गोष्टीचं ओझं अल्लाह कुणावर टाकत नाही, जाऊन झोप. पण मला मात्र झोप लागेना. खाल्लं की प्यायलं, हा प्रश्न माझ्या भाच्याच्या आधी कितीतरी लोकांनी विचारला आहे. काहींनी प्रामाणिकपणे, काहींनी पळवाट म्हणून. तो इतिहास आपल्या मुलांना माहीत हवा असं वाटलं, म्हणून हे लिहीत आहे.

शब्दांपासून सुरुवात

मी भाषा शिकवते, त्यामुळे आधी शब्दांकडे जाते. अरबीत शीन-रे-बे या तीन अक्षरांच्या धातूचा अर्थ आहे ‘पिणं’. त्यातून शरबत निघालं आणि शराबही. अरबीत शराब म्हणजे नुसतं पेय. ते मादक असलंच पाहिजे असं नाही. फारसी, उर्दूत येता येता शराब दारूपुरती उरली आणि शरबत आपल्या दस्तरखानावर राहिलं. एकाच घरातली दोन भावंडं, दोन वाटांनी गेलेली.

कुरआनमध्ये दारूसाठी शब्द येतो ‘खम्र’. त्याच्या मुळाशी ‘झाकणं’ हा अर्थ आहे. डोकं झाकणाऱ्या ओढणीला ‘खिमार’ म्हणतात, तोही याच मुळाचा. अक्कल झाकते ती खम्र. म्हणजे शब्दाचा जोर पेल्यावर किंवा पिण्यावर नाही, परिणामावर आहे. भाच्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळतं.

गंमत पुढेच आहे. आपण मराठीत ज्याला अर्क म्हणतो त्या अर्थाचा अरबी शब्द ‘अरक’, त्याचा मूळ अर्थ घाम. भट्टीच्या नळीवर थेंब जमतात ते घामासारखे दिसतात, म्हणून अरक. इंग्रजीतला ‘अल्कोहोल’ हा शब्द अरबी ‘अल-कुह्ल’वरून आलेला. कुह्ल म्हणजे सुरमा, डोळ्यांत घालायची बारीक पूड. युरोपातल्या किमयागारांनी आधी बारीक भुकटीला, मग कुठल्याही पदार्थाच्या सारभागाला आणि शेवटी वाइनच्या अर्काला हे नाव दिलं. दारूला नाव देणारी भाषा तीच, जिच्यात दारूची मनाई उतरली!

मदिनेतली भिजवलेली खजूर

फळ पाण्यात भिजवून पिणं हे इस्लामच्या इतिहासात वर्ज्य नव्हतं. उलट ते रोजचं होतं. खजूर किंवा मनुका पाण्यात टाकून ठेवायच्या, पाणी गोड झालं की प्यायचं. याला ‘नबीज’ म्हणत. हदीसच्या ग्रंथांत हजरत आयशा (रजि.) यांच्याकडून वर्णन आलं आहे की सकाळी भिजवलेलं नबीज पैगंबर (स.) रात्री घेत, रात्री भिजवलेलं सकाळी. दुसऱ्या एका रिवायतीत तीन दिवसांपर्यंतची मुदत येते. त्यानंतर ते ओतून दिलं जाई.

तीनच दिवस का? अरबस्तानच्या उन्हात गोड पाणी त्याहून जास्त ठेवलं तर ते आंबायला लागतं. याच कारणाने काही भांड्यांतही नबीज करायला सुरुवातीला मनाई होती : वाळलेला भोपळा, खजुरीचा कोरलेला बुंधा, डांबर लावलेली आणि लुकण दिलेली मडकी. अशा भांड्यांत आंबण्याची क्रिया लवकर होते आणि बाहेरून कळत नाही. चामड्याची पखाल असेल तर ती फुगते, माणूस सावध होतो. पुढे सवय मोडल्यावर भांड्यांची मनाई उठवली गेली, नशेची मात्र कायम राहिली.

मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. आत काय चाललं आहे हे ज्या भांड्यातून कळत नाही, त्या भांड्यापासून जपा. व्होडका मुरवलेलं टरबूज हे असंच भांडं नाही का?

दुसरं, मनाई एका फटक्यात आलेली नाही. आधी खजूर आणि द्राक्षांपासून लोक मादक पेयही करतात आणि उत्तम अन्नही, एवढंच सांगितलं गेलं. मग दारूत फायद्यापेक्षा हानी मोठी आहे हे सांगितलं. मग नशेत नमाजजवळ जाऊ नका. आणि शेवटी सूरह माइदामध्ये पूर्ण मनाई. पायरीपायरीने समाजाला वळवण्याची ही रीत आम्हा शिक्षकांनी शिकण्यासारखी आहे.

फकिहांमध्येही वाद झाले. कूफ्याच्या सुरुवातीच्या हनफी विद्वानांनी खम्र म्हणजे द्राक्षाचीच, अशी काटेकोर व्याख्या करून इतर नबीजांबद्दल वेगळी भूमिका घेतली होती. नंतर हनफी मतही इमाम मुहम्मद यांच्या बाजूने स्थिरावलं : ज्याचं जास्त प्रमाण नशा आणतं, त्याचं थोडं प्रमाणही नको. मग ते कशातून, कसं पोटात जातं हा मुद्दा राहत नाही.

बाबरचं माजून, जहांगीरचा गोड पेला

आता आपल्या बादशहांकडे येऊ. इथे आपली बाजू फार स्वच्छ नाही, आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

बाबरच्या आठवणींत शराबइतकंच ‘माजून’ येतं. माजून म्हणजे नशेचे पदार्थ घालून केलेली गोड वडी किंवा पाक. ते प्यायचं नसे, खायचं असे. बाबर लिहितो की माजून खाणाऱ्यांची आणि अरक पिणाऱ्यांची मैफल एकत्र जमत नाही. म्हणजे नशा ‘खाण्याची’ तऱ्हा पाचशे वर्षांपूर्वीही होती, आणि तिला नशाच समजलं जात होतं.

याच बाबरने फेब्रुवारी १५२७ मध्ये, राणा सांगाविरुद्धच्या खानवाच्या लढाईआधी, दारू सोडली. सोन्या-चांदीचे पेले मोडून गरिबांत वाटले, दारू ओतून दिली. गझनीहून उंटांवर लादून नुकतीच आलेली दारू मात्र त्याने वेगळ्या रीतीने संपवली : तिच्यात मीठ टाकून तिचा शिर्का करायला सांगितलं. हनफी मतात असं रूपांतर चालतं. आपल्या कोकणातल्या शाफई बांधवांच्या मते काही घालून केलेला असा शिर्का चालत नाही, तो आपोआप झालेला हवा. मतभेद आहे तो एवढाच.

बाबरचा पणतू जहांगीर. त्याने स्वतःच्या व्यसनाची हकिगत विलक्षण प्रामाणिकपणे लिहून ठेवली आहे. वयाच्या अठराव्या वर्षी, अटकेजवळ शिकारीने थकलेला असताना, नोकराच्या सांगण्यावरून त्याने पहिला पेला घेतला. पिवळसर आणि चवीला गोड. पुढे वाइन पुरेनाशी झाली, अरक सुरू झाला. दिवस-रात्र मिळून दुहेरी काढलेल्या अरकाचे वीस पेले. हात इतके थरथरू लागले की पेला दुसऱ्याने तोंडाला लावावा लागे. हकीम हुमाम यांनी स्पष्ट बजावल्यावर त्याने प्रमाण कमी केलं, पण सुटली कधीच नाही. सुरुवात गोड चवीने झाली होती, हे आमच्या पोरांनी लक्षात ठेवावं.

त्याचे दोन्ही भाऊ दारूने गेले, आणि दोघंही दख्खनच्या मोहिमेवर असताना. शहजादा मुराद हा चांदबीबीच्या अहमदनगरला वेढा घालणारा. मे १५९९ मध्ये दौलताबादपासून वीस कोसांवर, पूर्णा नदीच्या काठी तो वारला. वय अवघं अठ्ठावीस. अकबराने त्याला परत आणायला अबुल फझलला पाठवलं होतं. तो छावणीत पोहोचला तेव्हा शहजादा शेवटच्या घटका मोजत होता. धाकटा दानियाल बुऱ्हाणपूरला. अकबराच्या हुकमाने त्याच्यावर पहारे बसवले होते, तर नोकरांनी बंदुकीच्या नळीत भरून दारू आत नेली. नळीतला गंज आणि बारूद त्या दारूत उतरलं. जहांगीरनेच ही कथा नोंदवली आहे. चोरून आत न्यायची तर नळी काय आणि टरबूज काय!

मनाई करणारा बादशहा

खुलताबादला साध्या मातीच्या कबरीत झोपलेल्या औरंगजेबाने दारूबंदी केली, मुहतसिब नेमले. इटालियन प्रवासी मनुची एक किस्सा सांगतो : बादशहा रागाने म्हणाला की साऱ्या हिंदुस्थानात दारू न पिणारे दोघंच, एक मी आणि दुसरे काझी अब्दुल वहाब. मनुची मिश्कीलपणे पुढे लिहितो की काझींबद्दल बादशहाचा गैरसमज होता, कारण त्यांना रोज एक बाटली मीच गुपचूप पाठवत असे. मनुची तिखटमीठ लावणारा माणूस, तरीही वरून आलेल्या बंदीचं काय होतं ते यातून दिसतं.

याच औरंगजेबाला फळांचा मात्र शौक होता. शहजादा आझमने आंबे पाठवून नावं मागितली, तेव्हा त्याने ‘सुधारस’ आणि ‘रसनाविलास’ अशी अस्सल संस्कृत वळणाची नावं दिली. त्याच्याविषयी आज इतका आरडाओरडा होतो, त्यात ही नावं कुणाला ऐकूच येत नाहीत. फळात रस असतो, तो विलासालाही पुरतो, नशा मिसळावी लागत नाही.

आमचं शहर आणि दारू

फळांच्या बाबतीत हा परगणा जुना नामवंत. चौदाव्या शतकात आलेल्या इब्न बतूताने दौलताबादच्या द्राक्षांची आणि डाळिंबांची नोंद केली आहे. वर्षातून दोनदा पीक येतं, असं तो लिहितो. आज छत्रपती संभाजीनगरचं, म्हणजे आमच्या औरंगाबादचं नाव बिअरच्या कारखान्यांसाठीही घेतलं जातं. वाळूज आणि चिकलठाण्याच्या बाजूने गेलात तर कळेल. या कारखान्यांवर कित्येक घरं चालतात, त्यात सर्व धर्मांची आहेत. पण २०१६ च्या दुष्काळात, लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागत होतं तेव्हा, मुंबई उच्च न्यायालयाच्या इथल्याच खंडपीठाला मद्यकारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करण्याचा आदेश द्यावा लागला. त्या उन्हाळ्यात आम्ही घागरी मोजत होतो. दारूचा प्रश्न फक्त हलाल-हरामचा नाही, पाण्याचाही आहे, हे तेव्हा समजलं.

मग भाच्याला काय सांगितलं?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला बसवून हे सगळं सांगितलं. तीन गोष्टी म्हणाले. नकळत झालं त्यासाठी मन खाऊ नकोस. कळल्यावर ‘खाल्लं, प्यायलो नाही’ ही सबब वापरू नकोस, ती बाबरच्या काळातही चालली नाही. आणि पुढच्या पार्टीला स्वतःहून तोंड उघड. जैन मित्रासाठी कांदा-लसणाशिवायचं ताट वेगळं ठेवतात, बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका असतो. मग फळांच्या ताटाजवळ एक चिठ्ठी ठेवायला काय जातं? गाडी चालवणाऱ्याला, औषधं घेणाऱ्याला, गरोदर बाईला, लहान मुलालाही ती चिठ्ठी हवीच असते. हा फक्त मुसलमानाचा हट्ट नाही.

तो म्हणाला, “मगर खाला, मैं क्या लेके जाऊं?”

मग आम्ही सिकंजबीन केलं. सिरका अधिक अंगबीन, म्हणजे शिर्का आणि मध. यूनानी तबीबांचं हे जुनं पेय. आपली शिकंजी याच शब्दावरून आली. आम्ही मधाऐवजी साखर घेतली : दोन वाट्या साखर, एक वाटी पाणी, उकळी आली की अर्धी वाटी शिर्का, मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं. उतरवून त्यात मूठभर पुदिना टाकायचा, गार झाल्यावर गाळायचं. शहागंजातून आणलेल्या टरबुजाच्या फोडींवर तीन-चार चमचे घातले, वरून काळी मिरी आणि काळं मीठ. अर्धा तास फ्रिजमध्ये, त्याहून जास्त नाही, नाहीतर पाणी सुटतं.

आंबट, गोड, थोडं झणझणीत. पहिली फोड खाऊन त्याच्या डोळ्यांत चमक आली. जाताना बाटली भरून घेऊन गेला. महिन्याभराने फोन आला. पार्टीत त्याचं ताट आधी संपलं म्हणे, आणि शेजारच्या ताटाजवळ कुणीतरी स्वतःहून चिठ्ठी ठेवली होती.