भिंत घराची, कागद कुणाचा?

कुणी भाकरी थापत असाल, कुणी नुकत्याच रानातून आला असाल. रेडिओ जरा चुलीजवळ ओढून घ्या. आज गोष्ट चित्रं काढणाऱ्या बायांची आहे, पण सुरुवात आपल्या गोधडीपासून करते.

मागच्या दिवाळीआधी आमच्या गटाला शहरातल्या एका दुकानाकडून वीस गोधड्यांची ऑर्डर मिळाली. गटात दहाजणी, प्रत्येकीनं दोन शिवायच्या, मुदत दोन महिन्यांची. मुदत संपली तेव्हा तेरा तयार होत्या. राहिलेल्या सातांची ऑर्डर रद्द झाली. मी बैठकीत चिडले, काय काय बोलले. तेव्हा एक वहिनी शांतपणे म्हणाल्या, "ताई, नणंदेचं बाळंतपण होतं तेव्हा हीच वाकळ मी बारा दिवसांत पुरी केली. सासूबाई मला जागेवरून उठू देत नव्हत्या. आता मी दोरा ओवला की त्याच म्हणतात, पहिलं घर बघ, मग चिंध्या."

हे माझ्या डोक्यात राहिलं. तीच बाई, तीच सुई, तीच सासू. घरासाठी शिवलं की ते काम, विकायला शिवलं की चिंध्या. बी.ए. ला माझा विषय इतिहास होता, पण आमच्या पुस्तकात राजे, तह आणि लढाया. बायकांच्या हातच्या कामाचा इतिहास मी नंतर शोधून वाचला. त्यातली एक गोष्ट दोन गावांची, नव्हे दोन मुलखांची आहे, आणि त्या दोन्ही मुलखांत एकच मराठी माणूस जाऊन आला होता.

पहिला मुलूख बिहारचा. उत्तरेला, नेपाळच्या हद्दीला लागून मिथिला आहे. तिथं मधुबनी जिल्हा. त्या भागात लग्न ठरलं की नवरानवरीच्या खोलीची भिंत बायका रंगवतात. त्या खोलीला म्हणतात कोहबर. भिंतीवर कमळ, बांबू, मासे, पोपट, सूर्य, चंद्र. संसार फळावा, पोरंबाळं व्हावीत म्हणून. घरातली जाणती बाई रेषा ओढते, लेकीसुना रंग भरतात, मुली बघत बघत शिकतात. अंगणात तांदळाच्या पिठाचं अरिपन घालतात, म्हणजे आपली रांगोळीच म्हणा. चित्राखाली कुणाचं नाव नसे. भाकरीवर कुठं आपण नाव घालतो?

हे सगळं घराच्या आत. बाहेरच्या जगाला पत्ता नव्हता. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला, घरं पडली, भिंती उघड्यावर आल्या. विल्यम आर्चर नावाचा इंग्रज अधिकारी नुकसान पाहत फिरत होता, त्याला पडक्या घरांच्या आतल्या भिंतींवर ही चित्रं दिसली. त्यानं फोटो काढले आणि पुढं १९४९ मध्ये त्यावर लेख लिहिला. बायकांनी पिढ्यानपिढ्या केलेलं काम जगाला दिसायला घर पडावं लागलं, हे वाचून मला कसंतरीच झालं होतं.

मग १९६६-६७ चा बिहारचा दुष्काळ. दुष्काळ म्हणजे काय ते आपल्या तालुक्याला सांगायला नको. रानात काही नाही, हाताला काम नाही. दिल्लीत हस्तकलेचं काम पाहणाऱ्या पुपुल जयकर यांनी ठरवलं की या बायांना भिंतीऐवजी कागद द्यायचा आणि चित्रं विकत घ्यायची. त्या कामावर त्यांनी मुंबईचा एक चित्रकार पाठवला, भास्कर कुलकर्णी. हाच तो मराठी माणूस. जितवारपूर, रांटी अशा गावांत तो दारोदार फिरला. आधी थोड्याच बायका तयार झाल्या. परका पुरुष, हातात कागद, वर म्हणतोय पैसे देतो. आपल्या गावात असा कुणी आला असता तर आपणही दाराआडूनच बोललो असतो.

पण ज्या बसल्या, त्यांची नावं पुढं देशभर गेली. जगदंबा देवींना १९७५ मध्ये पद्मश्री मिळाली, सीता देवींना १९८१ मध्ये, गंगा देवींना १९८४ मध्ये. भिंतीवर नाव नव्हतं, कागदावर सही आली.

आता दुसरा मुलूख आपला. डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड, तेव्हाचा ठाणे जिल्हा, आताचा पालघर. बिहारनंतर काही वर्षांनी, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कुलकर्णी तिथं वारली पाड्यांवर पोचले. वारल्यांच्या लग्नात चौक लिहावा लागतो. चौक लिहिल्याशिवाय लग्न नाही. गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाचं पांढरं पीठ आणि बांबूची काडी, मधे पालघाट देवी. तो लिहायचा मान सवाशिणींचा. धवलेरी गाणी म्हणते, सवाशिणी लिहितात. पुरुषाचं तिथं काम नव्हतं.

तरी कागद आला आणि आज आपण वारली चित्रकार म्हटलं की पहिलं नाव घेतो ते जिव्या सोमा म्हशे यांचं. फार मोठा कलाकार. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री, २०१८ मध्ये गेले. त्यांच्या थोरवीबद्दल दुमत नाही. माझा प्रश्न त्यांना नाहीच. माझा प्रश्न असा की बिहारमध्ये भिंतीवरच्या बायाच कागदावर आल्या, आणि आपल्याकडे भिंत बायकांची राहिली पण कागदावर बरीचशी नावं पुरुषांची आली. माणूस तोच, कागद तोच. मग असं का?

याचं उत्तर एका ओळीत द्यायला मी काही विद्वान नाही. पण बचत गटाचं रजिस्टर दहा वर्षं लिहिणारी बाई म्हणून मला जे दिसतं ते सांगते.

चौक लिहिणं हे लग्नाचंच काम होतं. त्या दिवशी सवाशीण भिंतीपाशी उभी आहे म्हणून कुणी तिला पाणी आणलंस का विचारणार नाही, कारण ती लिहिणार नाही तर लग्नच अडेल. कागदाचं तसं नाही. कागद रोज मागतो. रोज दोन-तीन तास एका जागी बसणं मागतो, आणि वारली बाईचा दिवस लावणी, लाकूडफाटा, पाणी, दळणकांडण यात वाटलेला. शिवाय चित्र काढून भागत नाही, ते विकायला मुंबईला जावं लागतं, मुक्काम करावा लागतो, साहेबाशी बोलावं लागतं. घर सोडून मुक्कामाला कोण जाऊ शकतं? वहिनींच्या वाकळीचं आणि चिंध्यांचं कोडं मला इथं उलगडलं. घराला गरज होती तोवर बाईच्या वेळेची सोय घर करत होतं. बाजाराला गरज लागली तेव्हा ती सोय कुणीच केली नाही.

मग बिहारच्या बायांनी कसं जमवलं? इथं मला आधी वाटलं होतं की त्या जास्त धीट असतील. तसं नाही. त्यांच्यात पडदा कडक. सुरुवातीच्या बहुतेकजणी ब्राह्मण आणि कायस्थ घरातल्या, रानात जाणाऱ्या नव्हत्या. बाजारात जायची सोय नाही, म्हणून गिऱ्हाईक दारात यायचं. म्हणजे ज्या पडद्यानं त्यांना कोंडलं, त्यानंच त्यांना बसायला जागा दिली. चित्रंही बसून काढायची अशीच. कायस्थ बायांची कचनी म्हणजे बारीक टाकानं ओढलेल्या रेघांवर रेघा, सारी नजर त्यात. ब्राह्मण बायांची भरनी म्हणजे रंगांनी भरलेली. हे पोराला काखेत घेऊन होत नाही.

पण मैत्रिणींनो, त्या घरात मग भांडी कोण घासत होतं? रानात कोण जात होतं?

त्याचं उत्तर रांटी गावातच आहे. दुलारी देवी, मल्लाह म्हणजे कोळी समाजातली बाई. लहानपणीच लग्न, मुलगी झाली ती सहा महिन्यांची होऊन गेली, मग ही माहेरी परत आली. रानात मजुरी आणि रांटीतल्या नामवंत चित्रकार महासुंदरी देवी आणि कर्पूरी देवी यांच्या घरी झाडलोट, धुणीभांडी. काम करता करता ती चित्रं बघायची आणि घरी जाऊन काडीनं मातीवर रेघोट्या ओढायची. शेवटी तिनं विचारायचं धाडस केलं, आणि त्या घरानं तिला शिकवलं, हेही सांगायला हवं. महासुंदरी देवींना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. दहा वर्षांनी, २०२१ मध्ये, त्यांच्या घरी झाडू मारणाऱ्या दुलारी देवींनाही पद्मश्री मिळाली. २०२५ चा अर्थसंकल्प मांडताना अर्थमंत्र्यांनी नेसलेली साडी तिनंच रंगवून दिलेली होती. तिच्या चित्रांत देवादिकांबरोबर मासे धरणारी माणसं आहेत, शेतातल्या बाया आहेत.

दलित दुसाध समाजातल्या बायांचीही अशीच वेगळी वाट. चानो देवी आणि त्यांच्या जोडीच्या बायांनी आपल्या अंगावरच्या गोंदणातलीच नक्षी कागदावर उतरवली, ओळीनं माणसं, ओळीनं झाडं. त्या शैलीला नावच गोदना पडलं. कोहबराची भिंत त्यांना कुणी दिली नव्हती, त्यांनी आपली कातडीच कागदावर आणली.

आणि एक गोष्ट कागदाच्या बाजूनं. चौक लिहायला सवाशीण लागते. म्हणजे विधवेला, टाकलेल्या बाईला तिथं जागा नाही. कागद हे विचारत नाही. गंगा देवींचं बघा. मूल नाही म्हणून नवऱ्यानं दुसरं लग्न केलं, घरातला आधार गेला. पोट भरायला त्यांनी टाक हातात धरला. त्यातून रामायण आलं, बाईच्या जन्मापासूनच्या आयुष्याची चित्रं आली, १९८५ मध्ये अमेरिकेला गेल्या तर तिथली रोलर कोस्टर आली, आणि कर्करोग झाला तेव्हा इस्पितळ आलं. खाट, सुई, डॉक्टर, सगळं त्याच बारीक रेघांत. १९९१ मध्ये त्या गेल्या. जाण्याआधी दिल्लीच्या शिल्प संग्रहालयात त्यांनी एक पूर्ण कोहबर घर रंगवलं होतं. २०१५ च्या सुमाराला नूतनीकरणात ती भिंत गेली. भिंतीवरचं जातं, कागदावरचं राहतं, असं मी तेव्हा मनाशी म्हटलं होतं.

कागदाबरोबर दलालही आले, हे लपवायला नको. जे खपतं तेच पुन्हा काढ, लवकर काढ, स्वस्तात दे. मिथिलेत सत्तरच्या दशकातच अशा नकलांचा सुळसुळाट झाला होता. आमच्या सात गोधड्या रद्द झाल्या तेव्हा तीच घाई आमच्या दारात होती, फक्त आम्ही तिला बाईचा आळस म्हणत होतो. मी म्हणत होते.

हे सगळं मी गटात सांगितलं. दोन बैठका त्यावरच गेल्या. नंतरच्या ऑर्डरला आम्ही ठरवलं की आपापल्या घरी शिवायचं नाही, दुपारी दोन ते चार एकीच्या पडवीत जमून शिवायचं. घरच्यांना सांगायचं की ही गटाची बैठक आहे. बैठक म्हटलं की घरचे सोडतात, कारण त्यात कर्ज मिळतं. युक्ती लागू पडली. पंधरा गोधड्या मुदतीच्या चार दिवस आधी तयार. मी खुशीत होते.

मग शाळेतल्या बाईंनी मला रस्त्यात गाठलं. म्हणाल्या, तुमच्या गटातल्या तिघींच्या मुली महिनाभर दुपारनंतर वर्गात नसतात. चौकशी केली. आमच्या गावात नळाला पाणी येतं दुपारी, अडीचच्या आसपास. आई पडवीत गोधडीला बसलेली, म्हणून पाणी भरायला मुलगी. त्यातली एक सातवीत आहे आणि तिचं अक्षर वर्गात सगळ्यात सुंदर आहे. रांटीच्या घरात भांडी कोण घासतं हा प्रश्न मी मोठ्या तोऱ्यात विचारला होता. आमच्या पडवीसाठी पाणी कोण भरतं हे रजिस्टर लिहिणाऱ्या मला दिसलं नव्हतं.

आता आम्ही पाळी लावली आहे. दहातल्या दोघीजणी त्या दोन तासांत शिवायला बसत नाहीत, सगळ्यांच्या घरचं पाणी भरतात आणि लहान पोरं सांभाळतात. पैसे आले की त्यांचाही वाटा शिवणाऱ्यांइतकाच धरायचा, असं मी मांडलं. मुली शाळेत जायला लागल्या आहेत. वाट्याबद्दल मात्र एकमत झालेलं नाही. तिघींचं म्हणणं आहे, जिनं एक टाका घातला नाही तिला गोधडीचे पैसे का? त्या वहिनी, ज्यांनी मला चिंध्यांची गोष्ट सांगितली होती, त्या पाणीवाल्यांच्या बाजूनं आहेत. येत्या पाच तारखेच्या बैठकीत विषय पुन्हा आहे. तुमच्या गटात हे कसं करता ते केंद्रावर फोन करून सांगा, मी वाचून दाखवीन.