गणेशखिंड आणि भोर : दोन राजवाड्यांचा इतिहास

पुणे-सातारा रस्त्यावरचे वरवे बुद्रुक दोन राजवाड्यांच्या दरम्यान वसलेले आहे. दक्षिणेकडे कापूरहोळवरून आत वळले की नीरेकाठी भोरच्या पंतसचिवांचा राजवाडा लागतो. उत्तरेला पुण्याच्या पलीकडे गणेशखिंडीत मुंबईच्या गव्हर्नरांचा प्रासाद आहे. योगायोग असा की दोन्ही वास्तू एकाच काळातल्या. भोरचा राजवाडा १८६९चा. गणेशखिंडीचे काम सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत १८६४ साली सुरू झाले आणि १८७१मध्ये संपले.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्या तेजीत फ्रियरसाहेबांनी हा बेत आखला. तेजी ओसरली तरी बांधकाम चालूच राहिले आणि खर्चावरून टीकाही झाली. वास्तुविशारद जेम्स ट्रबशॉ यांनी उंच मनोऱ्याची इमारत उभारली. तिची शैली इटालियन-गॉथिक म्हणून ओळखली जाते. इटलीच्या प्रबोधनकालीन प्रासादांची छापही तिच्यावर आहे. पावसाळ्यात गव्हर्नर इथे येत आणि प्रांताचा कारभार इथून चाले. २२ जून १८९७च्या रात्री राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव साजरा करून रँड इथूनच परतत होता, तेव्हा चापेकर बंधूंनी त्याच्यावर गोळी झाडली. आत रोषणाई होती आणि बाहेर प्लेगच्या घरझडत्यांनी गांजलेले पुणे होते.

भोरच्या वाड्यानेही मराठी वाड्याला पाश्चात्त्य प्रबोधनशैलीची जोड दिली. मात्र इथली सत्ता जुनी होती. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण सचिव झाले आणि त्यांच्या घराण्याने पुढे भोर संस्थान चालवले. सचिव या पदाचे आधीचे नाव सुरनीस. 'नवीस' म्हणजे लिहिणारा, हा फारसी शब्द. १६७४च्या राज्याभिषेकाच्या वेळी पदांना संस्कृत नावे मिळाली. तरी दरबार, दफ्तर, दिवाण, महाल हे शब्द वाड्यात राहिलेच. दरवाजा, कमान, बुरूज, मनोरा, एवढेच काय इमारत हा शब्दसुद्धा फारसी-अरबीतून मराठीत आलेला आहे.

गॉथिक शैलीची कथा तर याहून लांबची. तिची ओळख म्हणजे टोकदार कमान. फ्रान्समध्ये सेंट डेनिसच्या चर्चपासून बाराव्या शतकात ही शैली बहरली. पण कैरोच्या इब्न तुलून मशिदीत टोकदार कमानींच्या रांगा ८७९ सालीच उभ्या होत्या. लंडनच्या सेंट पॉल्सचे शिल्पकार ख्रिस्तोफर रेन गॉथिकला सारासेन, म्हणजे मुसलमानांची शैली म्हणत. कोणी कोणाकडून किती घेतले यावर विद्वानांचा वाद चालू आहे. एवढे मात्र खरे की कलेला सरहद्द नसते.

आम्ही हे सारे मुद्दाम लिहीत आहोत. उर्दू शाळेतल्या आमच्या मुलामुलींना राजवाडा दाखवला की ती तो लांबून पाहतात. हा इतिहास दुसऱ्या कोणाचा, आपण फक्त पाहुणे, असे त्यांच्या मनात कुठेतरी बसलेले असते. पुस्तकांनी आणि आपल्या घरांनीही ते पुसायचा फारसा प्रयत्न केलेला नाही. वाडा बांधणाऱ्याचे नाव दगडावर कोरले जाते, दगड घडवणाऱ्याचे नाही. म्हणून त्या दगडावरचा हक्क कमी होत नाही.

दोन्ही सत्ता जवळपास एकाच वेळी सरल्या. १९४८च्या मार्चमध्ये भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच्या महिनाभर आधी पुणे विद्यापीठाचा कायदा झाला होता. पुढे गव्हर्नरांचा प्रासाद विद्यापीठाची मुख्य इमारत बनला आणि बॅ. मु. रा. जयकर पहिले कुलगुरू झाले. भोरचा वाडा आज चित्रपटांतून लोकांना ठाऊक आहे. गणेशखिंडीच्या दारातून मात्र भोर-वेल्ह्याच्या शेतकऱ्याचे पोर पदवीसाठी आत जाऊ शकते.

२०१४ साली या विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले. १० ऑक्टोबर १८५६ रोजी सावित्रीबाईंनी जोतिरावांना पाठवलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. आपण आजारी असताना शाळेचा भार तिच्यावर पडत असेल, ही काळजी त्यात आहे. त्यानंतर आठ वर्षांनी गणेशखिंडीचा पाया खोदला गेला. तेव्हा त्या दोघींपैकी कोणालाही त्या फाटकातून आत घेतले नसते. आज आमच्या मुली तिथे प्रवेशअर्ज भरतात. त्यांची संख्या अजून थोडी आहे. ती वाढवणे हे सरकारइतकेच आपलेही काम आहे, आणि त्याची सुरुवात दहावीनंतर मुलीची शाळा न सोडवण्यापासून होते.