मांडव्याचा अविनाश आणि अडथळ्यांची शर्यत

आपल्या घरांत खेळाचा विषय निघाला की तो क्रिकेटवर सुरू होतो आणि क्रिकेटवरच संपतो. जुनी मंडळी फार तर १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधल्या खाशाबा जाधवांचं नाव काढतात. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत एका धावपटूविषयी लिहीत आहे. त्याची कारकीर्द अजून संपलेली नाही, पण इतिहासात तिची नोंद झाली आहे.

अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला, मांडवा गावचा. जन्म १३ सप्टेंबर १९९४, घर शेतकऱ्याचं. शाळा सहा किलोमीटरवर आणि जायला वाहन नाही, त्यामुळे कधी चालत तर कधी पळत जायचं. त्यात त्याला काही विशेष वाटत नसे. बारावीनंतर तो सैन्यात भरती झाला, ५ महार बटालियनमध्ये. १९४१ साली बेळगावात उभ्या राहिलेल्या या महार रेजिमेंटचं केंद्र आज आपल्याच मध्य प्रदेशात, सागरला आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? नेमणुका मात्र सियाचीनचा बर्फ, मग राजस्थानचं वाळवंट, मग सिक्कीम. खंडव्याहून झाबुआला बदली झाली तरी आम्हा सरकारी नोकरांच्या घरी आठ दिवस चर्चा चालते!

सैन्यात २०१५ च्या सुमारास तो क्रॉस कंट्री पळू लागला. यात आखीव ट्रॅक नसतो. माळ, चढ, चिखल, जे वाटेत येईल त्यावरून मैलोन्‌मैल पळायचं. तिथे त्याचा दम पाहून सैन्यातले प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवलं. तेव्हा अविनाश बाविशीत होता. युरोपातल्या बर्फाळ देशांत असं वळण नेहमीचं आहे. लांब पल्ल्याचं स्कीइंग करणारे खेळाडू पुढे पाठीवर बंदूक घेऊन बायथलॉनमध्ये उतरतात. दम जुनाच कामी येतो, नेमबाजी तेवढी नव्याने शिकायची. अविनाशला नव्याने शिकायची होती ती उडी.

स्टीपल म्हणजे चर्चचा उंच मनोरा. पूर्वी ब्रिटन-आयर्लंडकडे एका गावच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत, ओढे-कुंपणं ओलांडत घोडे पळवत. आपल्याकडे जामा मशिदीचे मिनार नजरेसमोर धरून शेतांतून सुटावं, तसंच काहीसं. आता शर्यत ३००० मीटरची असते. २८ वेळा लाकडी अडथळा आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा ओलांडायचा. अडथळा तीन फूट उंच आणि चांगला जाड. हर्डल्ससारखा धक्क्याने पडत नाही, उलट धावणाराच पडतो.

या शर्यतीतला भारतीय विक्रम गोपाळ सैनी यांच्या नावावर होता, १९८१ चा, ८ मिनिटे ३०.८८ सेकंद. तो ३७ वर्षं टिकला. २०१८ साली भुवनेश्वरला अविनाशने ८:२९.८० वेळ देऊन तो मोडला. पुढच्या वर्षी दोहाच्या जागतिक स्पर्धेत पात्रता फेरीत इतरांचा त्याला अडथळा झाला, भारताने दाद मागितली, ती मान्य झाली आणि त्याला अंतिम फेरीत घेतलं. तिथे ८:२१.३७ वेळ देऊन त्याने टोकियो ऑलिंपिकची पात्रता मिळवली. टोकियोत पुन्हा विक्रम मोडला, तरी अंतिम फेरी हुकलीच.

पण माझ्या मते त्याची सर्वांत मोठी शर्यत ६ ऑगस्ट २०२२ ची, बर्मिंगहॅमची. राष्ट्रकुल स्पर्धेत १९९८ पासून २०१८ पर्यंत दर वेळी या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाने नेली होती. तिथे आपला पोरगा शेवटच्या सरळ पट्ट्यात केनियाच्या अब्राहम किबिवोटला जवळपास गाठतो! किबिवोट ८:११.१५, अविनाश ८:११.२०. फरक सेकंदाच्या विसाव्या भागाचा. पदक रौप्य, पण सुवर्ण मिळालेल्या पुष्कळ शर्यतींपेक्षा ही शर्यत मला मोलाची वाटते.

सुवर्णही फार लांब नव्हतं. १ ऑक्टोबर २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ८:१९.५० या स्पर्धा-विक्रमासह ते आलं. या शर्यतीत भारतीय पुरुषाने जिंकलेलं ते पहिलं आशियाई सुवर्ण. शिवाय ५००० मीटरमध्ये रौप्य. जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये वेळ ८:०९.९१ वर आली. स्वतःचाच नाही तर नाही, पण राष्ट्रीय विक्रम त्याने एकूण दहा वेळा मोडला, त्यातला पहिला तेवढा दुसऱ्याचा, बाकी नऊ स्वतःचेच. पुढच्याच महिन्यात ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत तो अकरावा आला. स्टीपलचेसच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत धावलेला तो पहिला भारतीय पुरुष.

मे २०२५ मध्ये कोरियातल्या गुमी इथे त्याने आशियाई अजिंक्यपद मिळवलं. जुलैत मोनॅकोला पाण्याच्या अडथळ्यावर तो पडला आणि गुडघ्याला जबर दुखापत झाली. त्यामुळे सप्टेंबरमधल्या टोकियोच्या जागतिक स्पर्धेला त्याला मुकावं लागलं.