स्वाराचे वजन आणि सायकलीची कमान

डोंगरवाटांवर सायकल घालणारा आजचा स्वार निघण्यापूर्वी एक विधी उरकतो, आणि तो पाहणाऱ्या नवख्यास काहीसा हास्यास्पद वाटण्याचा संभव आहे. शिरस्त्राण, पाठीवरची पाण्याची पिशवी, असा सारा सरंजाम अंगावर चढवून तो भिंतीचा आधार घेतो, पुढच्या फोर्कच्या गुळगुळीत नळीवरचे रबरी कडे खाली सरकवतो, पेडलांवर अलगद उभा राहतो, तितक्याच अलगद पायउतार होतो आणि कडे किती वर ढकलले गेले ते पट्टीने मोजतो. फोर्कची एकंदर चाल, म्हणजे दबण्याचा पल्ला, १२० मिलिमीटर असेल, तर त्यांपैकी २४ ते ३० मिलिमीटर केवळ त्याच्या बसण्याने खर्च झालेले असावेत, असा दंडक आहे. या खचण्याला जाणकार ‘सॅग’ म्हणतात.

कमान ही चाकाला धक्का सोसून वर येता यावे म्हणून असते, हे कोणीही सांगेल. परंतु वाटेत दगड असतात तसे खळगेही असतात, आणि खळग्यात चाकाला खाली उतरता आले नाही तर ते क्षणभर अधांतरी राहून जमिनीवरची पकड सोडते, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. चाकाला खाली उतरण्यास वाव हवा, तर कमान आधीच थोडी दबलेली हवी. आणि ती किती दबते हे वाटेवर नव्हे, वर बसलेल्या माणसावर अवलंबून आहे. ताण आणि बल यांचे प्रमाण रॉबर्ट हूक याने १६७८ मध्येच प्रसिद्ध केले होते. सायकलीच्या कारागिरांना मात्र स्वार हाही त्या हिशेबातला एक आकडा आहे, हे मान्य करण्यास फार काळ लागला.

१८६०च्या दशकातील पायटेधारी सायकलींना लोखंडी धावांची लाकडी चाके असत, आणि हाडे खिळखिळी करण्याची त्यांची ख्याती होती. त्यांवर खोगीर एका लांब पोलादी पट्टीवर बसविलेले असे. स्वार तोलाचा असो वा किरकोळ, पट्टी तीच. पुढे चामड्याच्या खोगिराखाली वेटोळ्यांच्या स्प्रिंगा आल्या. १८८५ मध्ये लिन्ली आणि बिग्ज या इंग्रज कारखानदारांनी ‘व्हिपेट’ नावाची सायकल काढली, तीत सांगाड्यालाच स्प्रिंग जोडून खोगीर, हँडल आणि पायटे यांचा समूहच चाकांपासून अलग झुलता ठेवला होता. कल्पना खरोखरच तालेवार होती. पण तिचे नशीब फुटले ते बेलफास्टमध्ये. तेथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने मुलाच्या तीनचाकीसाठी हवा भरलेली रबरी धाव तयार केली आणि १८८८ मध्ये तिचे पेटंट घेतले. रॉबर्ट विल्यम थॉमसन याने अशाच धावेचे पेटंट १८४५ मध्येच घेतले होते; परंतु त्या काळी तिला मागणी करणारी सायकलच अस्तित्वात नव्हती. डनलॉपच्या धावेने काही वर्षांतच स्प्रिंगांचे सांगाडे अडगळीत टाकले.

माझ्या मते वजनाबरहुकूम कमान लावण्याची खरी सुरुवात येथेच झाली. हवेचा पंप हाती आल्यावर वजनदार माणसाने चार हात अधिक मारावेत आणि हलक्याने दोन कमी, ही मुभा सामान्य स्वारास प्रथमच मिळाली. पुढची सत्तर वर्षे सायकलीने तेवढ्यावरच भागविले. १९६२ मध्ये ॲलेक्स मोल्टन याने लहान चाकांच्या सायकलीस रबराचे सस्पेन्शन दिले, मोठे यशही मिळविले. तथापि डोंगर हे त्याचे क्षेत्र नव्हते.

ते क्षेत्र उघडले कॅलिफोर्नियात. १९७६ पासून मरिन परगण्यातील काही तरुण जुन्या, जाडजूड सायकली घेऊन डोंगरउतारावर ‘रीपॅक’ नावाची शर्यत लावू लागले. तो उतार असा की मागच्या ब्रेकातले ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे. शर्यतीचे नाव त्यावरूनच पडले. त्याच सुमारास मोटोक्रॉसच्या मोटारसायकलींची चाल वाढत वाढत फूटभरापर्यंत गेली होती, आणि स्वार बसल्यावर तिचा सुमारे तृतीयांश, म्हणजे शंभरएक मिलिमीटर, खर्ची पडावा असा प्रघात मेकॅनिकांत रूढ होत होता. त्या दुनियेतून आलेल्या पॉल टर्नर आणि स्टीव्ह सायमन्स यांनी १९८९ मध्ये ‘रॉकशॉक्स’चा पहिला फोर्क बाजारात आणला. त्याची चाल जेमतेम ४८ मिलिमीटर होती. पण आत पोलादी स्प्रिंग नव्हती, कोंडलेली हवा होती. डनलॉपने धावेत भरलेली हवा शंभर वर्षांनी अशी फोर्कच्या नळीत चढली. पुढच्याच वर्षी कोलोरॅडोतील ड्युरँगो येथे ग्रेग हर्बोल्ड याने उतारशर्यतीचे विश्वविजेतेपद याच फोर्कवर मिळविले.

प्रतिस्पर्धी डग ब्रॅडबरी याने आपल्या ‘मॅनिटू’ फोर्कमध्ये रबरासारख्या गुट्ट्यांची चळत रचली. स्वाराने आपल्या वजनाप्रमाणे मऊ वा कठीण गुट्ट्या बदलून घ्याव्यात, अशी तजवीज होती. योजना साधी, स्वस्त. परंतु थंडी पडली की त्या गुट्ट्या ताठर होत, आणि कालांतराने दबून आपला गुणच विसरत.

पोलादी स्प्रिंगेबाबत एक गैरसमज अद्याप टिकून आहे. तिच्या टोकाची चकती फिरवून ताण वाढविला म्हणजे ती कठीण झाली, असे पुष्कळजण समजतात. वस्तुतः चकतीने स्वार किंचित उंच बसतो एवढेच. दर इंचास किती पौंड लागतील हे तारेच्या जाडीने आणि वेढ्यांच्या संख्येने कायमचे मुक्रर झालेले असते. पन्नास किलोच्या आणि नव्वद किलोच्या माणसास दोन वेगळ्या स्प्रिंगाच हव्यात. हवेचे तसे नाही: दाब वाढविला की काठिण्यही वाढते, आणि एकच फोर्क दोघांनाही पुरतो. कारखानदार हवेकडे वळले त्यात वजनाच्या बचतीचा वाटा मोठा, पण या सोयीचाही कमी नाही.

मात्र हवा भरली म्हणजे काम संपले असे नाही. दाब जास्त तितकी परतीची उसळी जोरदार, म्हणून वजनदार स्वारास फोर्कच्या आतल्या, उसळीला आवर घालणाऱ्या तेलाची वाट खुंटी फिरवून अधिक अरुंद करावी लागते, आणि हलक्यास तीच वाट मोकळी करावी लागते. येथे हलक्या स्वाराची अजूनही कुचंबणा होते: तेलाची सारी मांडणी मध्यम बांध्याच्या पुरुषाचा अजमास धरून केलेली असल्याने, किरकोळ अंगाच्या स्त्रीने किंवा मुलाने ती खुंटी मोकळ्या बाजूस शेवटपर्यंत फिरवली तरी दबलेला फोर्क पुढचा दगड येण्यापूर्वी पुरता वर येत नाही, आणि लागोपाठ तीन-चार दगड आले की उरलीसुरली चालही संपून जाते.