कुमारप्पांची ख्रिस्तनिष्ठा : मगनवाडी ते जबलपूर कारागृह

वर्ध्याच्या इतिहासात ग्रामोद्योगाचे अर्थतज्ज्ञ म्हणून परिचित असलेल्या जे. सी. कुमारप्पा (१८९२–१९६०) यांच्या कार्यामागील ख्रिस्ती श्रद्धेची दखल तुलनेने कमी घेतली गेली आहे. डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम त्यांनी मगनवाडीतून उभे केले. तेलघाणी, हातकागद, गूळ यांसारख्या उद्योगांचे प्रयोग तेथे झाले.

१९४२ च्या आंदोलनानंतर त्यांना कारावास भोगावा लागला. मगनवाडीचे काम दुरावले आणि प्रकृती खालावली. मन खचावे अशा या काळात त्यांनी जबलपूर कारागृहात ख्रिस्तचरित्राचे चिंतन लेखबद्ध केले. 'प्रॅक्टिस अँड प्रीसेप्ट्स ऑफ जीझस' हा तो ग्रंथ गांधीजींच्या प्रस्तावनेसह १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' हा त्यांचा अर्थविचारही याच कारावासातला आहे.

ही दोन्ही पुस्तके एकाच कोठडीत आकारास यावीत, हे अर्थपूर्ण आहे. श्रद्धेतून लाभणारा दिलासा म्हणजे जगापासून निवृत्ती, असे कुमारप्पांनी मानले नाही. येशूची शिकवण आचरणात उतरली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. त्यामुळे प्रार्थना आणि ग्रामसेवा त्यांच्या जीवनात परस्परपूरक ठरल्या. विदर्भातील गांधीयुगाच्या अभ्यासात या ख्रिस्ती प्रवाहाला स्थान देणे म्हणूनच आवश्यक ठरते.