चौघांच्या हातांतलं पत्र

आमच्या आसेगावसारख्या गावात शंभर वर्षांपूर्वी शिपायाचं पत्र आलं, तर ते बायकोपुरतं राहणं अवघडच होतं. १९११ च्या जनगणनेत देशातल्या शंभर स्त्रियांत जेमतेम एक साक्षर होती.

पहिल्या महायुद्धात खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या तुकड्या फ्रान्सला गेल्या. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी न्यव्ह शापेलला लढल्या. हिंदी फौजेतले पुष्कळ शिपाईही निरक्षरच. म्हणजे सांगणारा एक, लिहिणारा दुसरा, तपासणारा तिसरा आणि घरी वाचून दाखवणारा चौथा! तपासणारे इंग्रज अधिकारी फ्रान्समधल्या बुलोनला बसत. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे, ही खूण त्यांना कळली. त्यांनी काढलेले इंग्रजी उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मूळ पत्रं घरोघरी गेली आणि बहुतेक हरवली.

चौघांसमोर ‘तुझी आठवण येते’ कसं म्हणायचं? मी कवितेचा माणूस. मला वाटतं, ‘बैल बरे आहेत ना? पाऊस पडला का?’ यातच ते म्हटलं जात असेल. ही खूण मात्र कुठला साहेब ओळखणार?

तुमच्या घरच्या ट्रंकेत असं एखादं पत्र असेल, तर रद्दीत घालू नका.