दगडातले टाके, कापडातले टाके

मराठी वाचकाला जहाजाचा इतिहास भेटतो तो बहुधा लाकडाच्या रूपाने. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील आरमाराचे प्रकरण आपण वाचतो, वर्गात शिकवतो. त्यातील सर्वांत प्रसिद्ध उताऱ्याचा सारा भर फळ्या आणि डोलकाठ्या यांसाठी लागणाऱ्या मोठ्या लाकडावर आहे. कोणते झाड तोडावे, कोणते राखावे, आंबा-फणसावर कुऱ्हाड का चालवू नये, याचा तेथे बारकाईने विचार केलेला आहे आणि तो आजही वाचनीय आहे. परंतु लाकडाचे जहाज लाकडाच्या बळावर चालत नाही. ते चालते वाऱ्यावर, आणि वारा हाती लागतो तो कापडात. हे कापड कोणी विणले, कोणी बेतले, कोणी शिवले, हा प्रश्न आपल्या इतिहासलेखनाने फारसा विचारलेला नाही. कवितेत शीड वारंवार येते. हिशेबात ते क्वचितच दिसते.

हा प्रश्न आम्ही समुद्रकाठी न विचारता जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत उभे राहून विचारणार आहोत. येथून समुद्र दिसत नाही. कुकडी, मीना आणि घोड या येथल्या नद्याही समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेला जातात आणि भीमा-कृष्णेच्या वाटेने बंगालच्या उपसागराला मिळतात. कोकणात उतरायचे तर घाटवाटेने, माणसाच्या नाहीतर बैलाच्या पाठीवर ओझे लादून. जुन्नरचा नाणेघाट आणि आंबेगावचा आहुपे घाट या दोन्ही वाटा मुरबाडच्या मुलखात उतरतात. तेथून कल्याणचे बंदर गाठता येते. शीड समुद्रावर उभे राहते हे खरे. पण त्याचा कापूस पिकतो पठारावर. जहाजाचा निम्मा इतिहास घाटमाथ्यावरून खाली उतरलेला आहे, असे आम्हांस वाटते ते यासाठी.

नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा प्रदीर्घ ब्राह्मी लेख आहे. इसवी सनपूर्व पहिल्या शतकातील या लेखात यज्ञांची आणि दक्षिणांची यादी येते. गायी, घोडे, हत्ती, कार्षापणे आणि त्यांच्याच पंक्तीत वस्त्रे. कापड ही मोजण्याजोगी, नाण्यांच्या शेजारी बसण्याजोगी संपत्ती होती, एवढे तरी यावरून नि:संशय दिसते. नाणेघाटाहून पुन्हा जुन्नरला आलो, की शिवनेरी, लेण्याद्री, मानमोडी आणि तुळजा या डोंगरांत मिळून दीडशेहून अधिक खोदकामे आढळतात. त्यांतील शिलालेख म्हणजे देणगीदारांची पुस्तकेच. धान्याचा व्यापार करणाऱ्यांची श्रेणी येथे लेणे देते. दुसऱ्या एका लेखात बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याची नोंद आहे. ईरिल नावाचा यवन दोन पाण्याची टाकी देतो, चिट नावाचा यवन भोजनमंडप देतो, चंद नावाचा तिसरा यवन दर्शनी भाग घडवतो. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने वर्ष ४६ मध्ये मानमोडीवर टाके आणि मंडप दिला.

विणकरांची श्रेणी आपल्याला भेटते ती शेजारच्या नाशकात. नहपानाचा जावई उषवदात याने पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्याच्या लेखात गोवर्धन येथील 'कोलिकनिकाय' म्हणजे विणकरांच्या श्रेणीकडे २००० कार्षापणे कायमची ठेवल्याचे नमूद केले आहे. व्याज दरमहा शेकडा एक. म्हणजे महिन्याला २० आणि वर्षाला २४० कार्षापणे. त्यांतून २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापणे चीवरासाठी, अर्थात कापडासाठी द्यावयाची. हिशेब तंतोतंत जुळतो. हे केवळ दानपत्र नव्हे. विणकर मंडळींकडे दोन हजारांची रक्कम पिढ्यान्पिढ्या सांभाळण्याची पत होती, याचा हा दाखला आहे. इतके कापड विणणारा मुलूख फक्त चीवरे विणून थांबत नसतो.

ते कापड कोठे जात होते? पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये याचे उत्तर आहे. तगर म्हणजे आजचे तेर. तेथून भडोचला भरपूर जाडेभरडे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची तलम वस्त्रे येत, असे तो सांगतो. कल्याण बंदरावर मात्र त्या काळी अडथळा आला होता. तेथे चुकून लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. नहपानाशी ज्याची ओळख पटवली जाते तो राजाही याच ग्रंथात येतो. जुन्नरचा अयम, गोवर्धनचे विणकर आणि हा अनामिक खलाशी-लेखक हे सर्व साधारण एकाच काळाच्या पटावरचे.

जाडेभरडे कापड हा शब्दप्रयोग वाचून आपण सहज पुढे जातो, कारण इतिहासाला तलम वस्त्राचे कौतुक अधिक. पण शीड मलमलीचे होत नाही. आणि येथे एक विलक्षण पुरावा हाती येतो. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरील बेरेनिके हे बंदर भारताशी चालणाऱ्या व्यापाराचे ठाणे होते. तेथे १९९४ पासून झालेल्या उत्खननांत वाळवंटाच्या कोरड्या हवेमुळे कापडाचे तुकडे टिकून राहिलेले मिळाले. पहिल्या शतकातील काही तुकड्यांवर पट्ट्या शिवलेल्या होत्या, आडव्या आणि उभ्या, चौकटी पाडणाऱ्या. ते जहाजाच्या शिडाचे तुकडे होते. शीड ताणले की फाटू नये म्हणून त्याला या पट्ट्यांचा आधार दिलेला होता. भूमध्य समुद्रावरील शिडे बहुधा जवसाच्या धाग्याची असत. हे शीड सुती होते. आणि त्यातील सूत भारतीय पद्धतीने कातलेले होते.

हे कळले कसे? सुताच्या पिळावरून. धागा कातताना चाती एका बाजूला फिरते आणि तिचा पीळ धाग्यात कायमचा राहतो. भिंगाखाली पाहिले, तर पिळाची तिरपी रेघ रोमन लिपीतील 'एस' किंवा 'झेड' या अक्षरांच्या मधल्या भागासारखी दिसते. इजिप्तमध्ये परंपरेने 'एस' पीळ. भारतातील सुती धाग्यात 'झेड'. बेरेनिकेच्या शिडाने आपला जन्मगाव सांगितला नाही, पण आपण कोणत्या बाजूच्या हातातून आलो ते सांगितले. ते सूत घाटावरचेच होते असे म्हणायला आधार नाही, आणि तसा आग्रह धरण्याचे कारणही नाही. भारतीय सुताचे शीड तांबड्या समुद्रावर वारा झेलत होते, एवढी गोष्ट पुरेशी मोठी आहे. कापड हा त्या व्यापारातला केवळ माल नव्हता. तो माल वाहून नेणारे साधनही कापडच होते.

येथे आपली भाषा आम्हांला एक गोष्ट सुचवते. मराठीत पाण्याचे टाके असते आणि शिवणीत टाके असतात. लेण्यातले टाके कातळात खोदलेले. त्याच्यावर दात्याचे नाव, गाव, कधी वर्षही. ईरिलाची दोन टाकी म्हणूनच दोन हजार वर्षे ईरिलाची राहिली. कापडातल्या टाक्यांवर कोणाचेच नाव नाही. शिलालेख देणाऱ्याचा असतो, करणाऱ्याचा क्वचित. करणाऱ्याचा लेख वाचायचा तर तो पिळात, काठात आणि शिवणीतच वाचावा लागतो. साहित्याच्या अभ्यासकाला ही वाचनपद्धती परकी वाटू नये. निनावी ओवीचा अभ्यास करताना आपण हेच करीत असतो. नाव मिळत नाही, तेव्हा घडण पाहतो.

शिडाची घडण पाहिली, तर ते काम किती कसबाचे आहे हे ध्यानी येते. मागाची रुंदी ठरलेली, शीड मात्र त्याच्या कितीतरी पट रुंद. म्हणून कापडाचे लांब पट्टे काठाला काठ चढवून जोडावे लागतात. शिवण उसवली की वादळात पुरे शीड जाते. त्यासाठी दुहेरी शिवण घालावी लागते. कडेने दोर शिवला जातो, कारण ओढ कापडाने नव्हे तर दोराने सोसायची असते. कोपऱ्यांना कापडाची दुहेरी-तिहेरी ठिगळे लावतात. हे सारे दाभणाने, हाताला चामडे बांधून. शिवाय शीड सपाट बेतून चालत नाही. त्याला किंचित पोट ठेवावे लागते, म्हणजे वारा त्यात भरतो. ते किती, हे कागदावर लिहिलेले नसते. सुती शीड ओले राहिले की कुजते, उन्हाने जिरते, दोरावर घासून फाटते. म्हणून बंदरात नवे शिवणारा कारागीर आणि समुद्रावर जुने सांधणारा खलाशी ही दोन्ही माणसे हवीतच. भर समुद्रात आपले शीड आपणच शिवावे लागते. तेथे हाक मारायला शिंपी नसतो.

हे शीड चित्रात दिसते ते पुन्हा डोंगरातच. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील पूर्णावदानाच्या चित्रात, तीन डोलकाठ्यांवर उंच शिडे उभारलेले जहाज रंगवलेले आहे. पुढे जाड सुती कापडाला युरोपीय व्यापाऱ्यांनी 'डंगरी' म्हटले. तंबूंना आणि शिडांना ते वापरले जाई. हे नाव मुंबईच्या डोंगरी भागावरून पडले, अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. ती खरी असेल, तर शिडाच्या कापडाच्या नावातही डोंगर दडलेला आहे. शिवनेरीवर १६३० मध्ये जन्मलेल्या शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर तेथे आरमाराची उभारणी सुरू केली. घाटावरच्या राज्याला समुद्र गवसला. आपण त्यातली गलबते आणि गुराबा मोजतो. त्या प्रत्येकीवर किती हात कापड चढले असेल, याची गणती कोणी केलेली दिसत नाही.

१८३० मध्ये मुंबईत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट सुएझकडे गेली आणि शिडाचे दिवस भरत आले. कापडाचा प्रश्न मात्र संपला नाही. तो गिरणीच्या दारात येऊन उभा राहिला. आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचे बाबू गेनू मुंबईत गिरणी कामगार होते. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी भागात विदेशी कापड घेऊन जाणाऱ्या मालमोटारीपुढे ते आडवे झाले आणि तिच्याखाली चिरडले गेले. कापड कोणी विणले, कोणासाठी विणले आणि त्याचा नफा कोणाकडे गेला, हा प्रश्न त्यांनी विचारला तो असा. डिंभे धरणाच्या जलाशयाला आज त्यांचे नाव आहे. त्या पाण्यात मूळ आंबेगाव बुडाले. ज्या तालुक्याला समुद्र नव्हता, त्याला हे पाणी मिळाले ते आपले नावाचे गाव देऊन.

नारायणगाव, आळेफाटा, मंचर या बाजारांतून टोमॅटो आणि कांद्याचे ट्रक निघतात, त्यांवर ताडपत्री ताणलेली असते. 'टारपॉलिन' या खलाशांच्या शब्दाने मराठीत येताना ताडाच्या पानाचे रूप घेतले असावे. डांबर लावलेल्या कॅनव्हासची जागा आता बहुतेक प्लास्टिकने घेतली आहे. तरी काठ दुमडणे, त्यात दोर घालणे, कोपऱ्याला ठिगळ देऊन डोळा पाडणे ही रीत तीच आहे. शीड गेले, शिवण उरली.

२१ मे २०२५ रोजी कारवार येथे भारतीय नौदलाने 'कौंडिण्य' हे जहाज दाखल करून घेतले. अजिंठ्याच्या त्याच चित्रावरून ते घडवले आहे. त्याच्या फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोराने शिवलेल्या आहेत, म्हणून सर्वत्र त्याचा उल्लेख शिवलेले जहाज असा झाला. तो गौरव रास्तच आहे. परंतु शिडाचे प्रत्येक जहाज शिवलेलेच असते. एकाचे लाकूड शिवलेले, दुसऱ्याचे केवळ कापड, इतकाच काय तो फरक. आपण आजवर खिळे ठोकणाऱ्याला जहाज बांधणारा म्हणत आलो आणि दाभण धरणाऱ्याला विसरत आलो. जुन्नरच्या लेण्यांत विद्यार्थ्यांना नेणाऱ्या अध्यापकांनी टाक्यांवरची नावे जरूर वाचून दाखवावीत. मग नाणेघाटाच्या कड्यावर उभे राहून, या वाटेने उतरलेल्या कापडाच्या गठ्ठ्यांवर कोणाचेच नाव का नव्हते, हेही एकदा विचारावे.